हृदयातील जंतुदोष आणि क्ष-किरणांचा जमाखर्च

गतवर्षी पावसाळा सरता सरता एके दिवशी सायंकाळी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील आमच्या घरी आले. गृहस्थ येथील यंत्रमागावर टॉवेल विणणारे, मुलगा बी. ए. होऊन नुकताच एका पेढीवर कारकुनीस लागलेला. मुलास महिनाभर बारीक ताप येत होता. प्रथम हिवताप म्हणून औषधे झाली, नंतर विषमज्वर म्हणून झाली, आणि अखेर रक्ताची तपासणी होऊन हृदयाच्या झडपेवर जंतूंनी ठाण मांडले असल्याचे निघाले. आता इस्पितळात सी. टी. स्कॅन करावयाचा होता व त्यासाठी बापाची सही हवी होती. त्यांच्या हातात एक छापील इंग्रजी कागद होता. तो आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "सर, ह्यात धोका काय काय आहे ते नर्सबाईंनी वाचून दाखवलं. फायदा कुठं लिहिलाय, तेवढं तुम्ही वाचून दाखवा."

आम्ही कागद दोन वेळा वाचला. क्ष-किरणांपासून पुढेमागे कर्करोग संभवतो, शिरेतून द्यावयाच्या औषधाने मूत्रपिंडांस इजा पोचू शकते, क्वचित् अंगावर पित्त उठून श्वास कोंडतो, असे सर्व त्यात क्रमवार होते. फायदा मात्र खरोखरच कोठे लिहिलेला नव्हता.

आमचा विषय इतिहास, वैद्यक नव्हे. त्या सायंकाळी आम्ही त्यांस जे उत्तर दिले ते ओढूनताणून दिलेले होते, हे आम्हांस देताना कळत होते. पुढे काही महिने या विषयावरील जे ग्रंथ व निबंध हाती आले ते वाचले, आणि मग ध्यानात आले की त्या विणकराचा प्रश्न सोपा वाटला तरी तो सव्वाशे वर्षांचा आहे. यंत्राचा फायदा यंत्रावर लिहिलेला नसतो, म्हणूनच तो कागदावरही उतरलेला नव्हता. तो कोठे असतो, हे या रोगाच्या इतिहासावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून दिसत असेल.

रोगाचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. हृदयास चार झडपा असतात. त्यांतील एखादी जन्मतः सदोष असली, किंवा पूर्वी संधिवाताच्या तापाने जखडून खरखरीत झाली असली, म्हणजे दातांच्या हिरड्यांतून वा त्वचेच्या जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंस तेथे चिकटावयास जागा मिळते. तेथे त्यांची लहान लहान अंकुरांसारखी वाढ होते. हे अंकुर तुटून रक्ताबरोबर वाहू लागले की मेंदूत अडकून पक्षाघात करतात, प्लीहेत वा मूत्रपिंडात अडकून तेथील मांस मारतात. इकडे झडप कुरतडली जाऊन गळू लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, जंतू झडपेच्या बुडाशी मांसात शिरून तेथे गळू करतात. डॉक्टर या रोगास एन्डोकार्डायटिस म्हणतात.

विलायतेत हा रोग आता बहुशः म्हाताऱ्यांचा व कृत्रिम झडपा बसविलेल्यांचा झाला आहे. आपल्याकडील चित्र निराळे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८१ ते १९९१ या दशकात आलेल्या अशा १८६ रोग्यांचा जो वृत्तांत पुढे प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचे सरासरी वय अवघे पंचवीस होते, व हृदयास आधी झालेल्या विकारांत संधिवाताच्या तापाचा विकार पहिल्या क्रमांकाचा होता. हा ताप घशातील एका साध्या जंतूपासून लहानपणी उद्भवतो, आणि एका खोलीत सहा-आठ माणसे निजत असली म्हणजे तो जंतू एका घशातून दुसऱ्यात सहज जातो. ज्या शहराने गिरण्यांच्या चाळी पाहिल्या आहेत, आणि गिरण्या गेल्यावर घराघरांत मागाशेजारी अंथरूण घातलेले पाहिले आहे, त्या सोलापुरातील वाचकांस याहून अधिक सांगावयास नको.

आता इतिहासाकडे वळू. १८८५ साली विल्यम ऑस्लर याने लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे या रोगावर तीन व्याख्याने दिली. ओळखण्यास इतका कठीण असा रोग विरळा, असा त्याचा अभिप्राय होता; कित्येकदा तो ओळखला जाई तो मरणोत्तर चिरफाडीतच. ऑस्लरपाशी साधने काय होती? बोटे, कान, ज्वरमापक आणि लेनेकने १८१६ साली शोधलेली छातीची नळी. एवढ्यावर त्याने जे जाणले ते अद्यापि बहुतांशी खरे आहे. जंतूंच्या गुठळ्यांनी धमनीस येणाऱ्या फुगवट्यास त्याने याच व्याख्यानांत दिलेले नाव आजही चालू आहे. पण जाणून त्यास करता काय येत होते? काही नाही.

याची सर्वांत करुण साक्ष म्हणजे गुस्ताव माहलर या विख्यात संगीतकाराचे प्रकरण. १९११ च्या आरंभी तो न्यूयॉर्क येथे तापाने पडला. लिबमन नावाचा तेथील डॉक्टर या रोगातील त्या काळचा अधिकारी पुरुष. त्याच्या सांगण्यावरून बेअर या त्याच्या तरुण साहाय्यकाने माहलरच्या दंडातून रक्त काढून ते वाढीस लाविले, आणि काही दिवसांत त्यात जंतू उगवले. निदान बिनचूक झाले. माहलरने आपणांस सत्य सांगा असा आग्रह धरिला, ते त्यास सांगण्यात आले, आणि तो समुद्र ओलांडून मायभूमीस मरावयास निघाला. वाटेत पॅरिस येथे एका जंतुशास्त्रज्ञाने पुन्हा तपासणी केली व सूक्ष्मदर्शकाखाली त्या जंतूंच्या माळा इतक्या सुंदर दिसल्या की त्याने हर्षाने माहलरच्या पत्नीसच त्या पाहावयास बोलाविले. तिने आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेविला आहे. १८ मे १९११ रोजी व्हिएन्ना येथे माहलर मरण पावला. जे पाहावयाचे ते सर्व पाहून झाले होते.

सोलापूरकरांस जवळचे दुसरे एक उदाहरण आहे, ते हृदयाचे नसले तरी त्याच घराण्यातील होय. आमच्या भय्या चौकातील घरातून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी १९४१ साली ज्या रुग्णालयाची धुरा घेतली, ते डॉ. नॉर्मन बेथ्यून याच्या नावे उभे होते. हा बेथ्यून निष्णात शल्यविशारद. १९३९ च्या अखेरीस शस्त्रक्रिया करताना त्याचे बोट कापले गेले, जंतू रक्तात शिरले, आणि १२ नोव्हेंबर रोजी तो त्यातच गेला. बोटावरील जखम उघड्या डोळ्यांना दिसत होती. दिसण्याने काय होते? रक्तातील जंतूंस मारील असे औषध त्या छावणीत नव्हते. पेनिसिलीन तर त्या दिवशी जगातील कोणत्याच इस्पितळाच्या कपाटात नव्हते.

या दोन मरणांच्या आधीच पाहण्याचे एक अपूर्व साधन जगास लाभले होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यास क्ष-किरण सापडले. वर्ष पालटते न पालटते तोच ती वार्ता पृथ्वीभर गेली. आणि १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर गोऱ्या व देशी शिपायांच्या अंगातील गोळ्या या किरणांनी हुडकल्या जाऊ लागल्या. गोळी दिसली की ती काढणारा हात शेजारीच उभा असे, म्हणून तेथे लाभ रोकडा होता. हृदयाच्या बाबतीत मात्र काचेवर उमटे ती एक राखी सावली. हृदय वाढले आहे एवढे तीवरून कळे; आतील झडप, तीवरील अंकुर, बुडातील पू यांचे नाव नाही.

त्या काळातील खर्चाची बाजू वाचताना अंगावर काटा येतो. आरंभी हे किरण म्हणजे एक गंमत होती. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काम करणारा आपला हात वारंवार किरणांत धरून नळीची परीक्षा करी. हात भाजले, चट्टे पडले, चट्ट्यांचा कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो मेला. एडिसनने त्या उद्योगास रामराम ठोकला. इतरांनी ठोकला नाही. १९३६ साली हँबुर्ग येथे या किरणांच्या कामी बळी पडलेल्या डॉक्टर, परिचारिका व शास्त्रज्ञांचे स्मारक उभारले, तेव्हाच त्यावर १६९ नावे होती, आणि ती पुढे वाढतच गेली. इतके होऊनही विलायतेत व अमेरिकेत जोडे विकणाऱ्या दुकानांत मुलांचे पाय क्ष-किरणांखाली धरून जोडा बसतो की नाही हे पाहण्याची यंत्रे यानंतरही कित्येक वर्षे चालू होती! जोड्याचे माप घेण्यासाठी पावलास किरण लावणाऱ्या समाजास लाभ-हानीचा विवेक शिकविण्यास हँबुर्गचा शिलास्तंभही पुरला नाही, हे आम्हांस नमूद करावेसे वाटते. हानीचे खाते नेहमी उशिरा लिहिले जाते. कारण लाभ त्याच दिवशी काचेवर दिसतो आणि हानी वीस वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या दवाखान्यात, दिसते.

रोगाची बाजू फिरली ती औषधामुळे, यंत्रामुळे नव्हे. १९४४ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे लोव व त्याचे सहकारी यांनी या रोगाच्या सात रोग्यांवर पेनिसिलीनचे उपचार करून अनुकूल फळ आल्याचे जाहीर केले. ज्या रोगातून क्वचितच कोणी वाचे, त्यात सलग सात! आपल्याकडे पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आमच्या वडिलांच्या पिढीतील किती हृदये त्या कुपीने तारिली याची गणती कोणी ठेवलेली नाही.

परंतु औषधासही एक मर्यादा होती. झडपेवरील अंकुरांतील जंतू त्याने मरत. झडपेच्या बुडात पू साठला की तेथवर औषध पुरेसे पोचत नसे. अशा रोग्याचा ताप उतरे, पुन्हा चढे, आणि एके दिवशी हृदयच बंद पडे. १९६५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जंतुदोष भरात असतानाच सडलेली झडप कापून काढून तेथे कृत्रिम झडप बसविण्याचे धाडस यशस्वी झाले, आणि या दिवसापासून प्रश्नच बदलला. 'रोग आहे काय?' एवढे जाणून आता भागेना. पू कोठे आहे, किती खोल आहे, महाधमनीच्या मुळाशी भिंत फुगली आहे काय, हे छाती उघडण्यापूर्वी कळले पाहिजे. जो प्रश्न माहलरच्या खाटेपाशी निरर्थक होता, तो आता जीवनमरणाचा झाला. साधन मागाहून आले. गरज आधी निर्माण झाली, आणि ती सुरीने निर्माण केली.

या गरजेस प्रथम धावून आला तो ध्वनी. स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ साली ध्वनिलहरींचे प्रतिध्वनी टिपून हृदयाची हालचाल रेखाटली. १९७३ साली झडपेवरील अंकुर या रीतीने प्रथम दिसल्याचे प्रसिद्ध झाले. हीच आपल्याकडे घरोघर ठाऊक असलेली 'इको' तपासणी. हिच्यात किरण नाहीत, शिरेत काही टोचावयाचे नाही. गरोदर स्त्रीची व तान्ह्या मुलाची निर्धास्त करता येते. पुढे अन्ननळीतून नळी घालून हृदयाच्या पाठीमागूनच इको करण्याची युक्ती निघाली. १९९१ साली जर्मनीतील डॅनियल व सहकाऱ्यांनी या दोहोंची तुलना केली: शस्त्रक्रियेत वा मरणोत्तर सापडलेल्या ४६ गळवांपैकी छातीवरील इकोस १३ दिसली होती, अन्ननळीतील इकोस ४०. फरक केवढा! तथापि सहा राहिलीच. आणि ज्याचे गळू त्या सहांत आहे त्यास चाळिसांच्या आकड्याने काय समाधान?

सी. टी. स्कॅनची कथा या सर्वांपासून दूर, निराळ्याच वाटेने येते. लंडनच्या ई. एम. आय. या कंपनीत हाउन्सफील्ड नावाचा एक अबोल अभियंता होता. ही कंपनी आमच्या पिढीस कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्यांवरून ठाऊक आहे. एकाच वस्तूतून अनेक दिशांनी किरण पाठवून, प्रत्येक दिशेस ते किती अडले हे मोजून, गणिताने वस्तूचा आतील काप उभा करावा, ही त्याची कल्पना. दक्षिण आफ्रिकेतील कॉर्मॅक याने हेच गणित आधी सोडविले होते, आणि त्याचे मूळ तर राडोन या गणितज्ञाने १९१७ सालीच मांडून ठेविले होते. पण तिघांस परस्परांचा पत्ता नव्हता. हाउन्सफील्डच्या पहिल्या प्रयोगास एका वस्तूसाठी नऊ दिवस लागले. खाटकाकडून आणलेल्या जनावरांच्या मेंदूंवर प्रयोग करीत करीत १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथील इस्पितळात पहिल्या माणसाच्या डोक्याचा स्कॅन झाला. १९७९ साली त्यास व कॉर्मॅक यास मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

डोके स्थिर असते, हृदय नसते. मिनिटास सत्तर-ऐंशी वेळा हलणाऱ्या अवयवाचा स्वच्छ काप घेणे हे पुढे तीस वर्षे साधले नाही. एका फेरीत ६४ काप घेणारी यंत्रे या शतकाच्या आरंभी आली, नाडीच्या तालाशी त्यांची सांगड घालण्यात आली, आणि तेव्हा कोठे झडपेच्या बुडातील पोकळी काचेवर उतरू लागली. आज जाणत्यांचे मत असे आहे की, लहान अंकुर व झडपेस पडलेले भोक पाहण्यास अन्ननळीतील इकोच श्रेष्ठ. पण बुडातील गळू, महाधमनीच्या भिंतीचा फसवा फुगवटा व कृत्रिम झडपेच्या भोवतालची पोखरण यांत सी. टी. तिच्या बरोबरीने, कधी वरचढही ठरतो. कारण धातूच्या झडपेची सावली ध्वनीस आंधळे करते. म्हणूनच युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१५ साली, व ड्यूकच्या नावाने चालणाऱ्या निदानाच्या कसोट्यांच्या २०२३ सालच्या नव्या आवृत्तीने, हृदयाच्या सी. टी. मधील असा पुरावा मुख्य कसोट्यांत धरिला.

आणखी एक लाभ आहे, तो सामान्य वाचकास सुचणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत काय हे वयस्क रोग्यांत पाहावे लागते. नेहमीच्या अँजिओग्राफीत नळी महाधमनीतून थेट त्या झडपेपाशी न्यावी लागते. तेथे जर सैल अंकुर लोंबत असले तर नळीच्या धक्क्याने ते सुटून मेंदूत जावयाचे भय. सी. टी. ने हेच काम झडपेस स्पर्श न करता होते.

आता खर्चाची बाजू. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्ट या मापाने मोजतात. जमीन, आकाश व अन्न यांतून मनुष्यमात्रास निसर्गतःच वर्षास सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या साध्या फोटोस त्याचा अगदी अल्पांश लागतो. हृदयाच्या सी. टी. स एके काळी दहाहून अधिक लागत. आता चांगल्या यंत्रावर त्याहून पुष्कळच कमीत भागते, मात्र झडपेची हालचाल संपूर्ण ठोकाभर पाहावयाची असेल तर मात्रा पुन्हा चढते. याने कर्करोग किती? हिरोशिमा व नागासाकी येथील वाचलेल्यांच्या दीर्घ पाहणीवर भिस्त ठेवून अमेरिकन शास्त्रज्ञांच्या मंडळाने २००६ साली जो हिशेब मांडला, त्याप्रमाणे १०० मिलिसिव्हर्ट मिळालेल्या शंभर माणसांत आयुष्यभरात एकास त्यापायी कर्करोग व्हावा. आणि त्याच शंभरांत बेचाळीस जणांस तो इतर कारणांनी होणारच असतो. त्याच प्रमाणाने १० मिलिसिव्हर्टांस हजारांत एक. मुलांस व तरुण स्त्रियांस काही अधिक, म्हाताऱ्यांस पुष्कळ कमी. इतक्या अल्प मात्रेसही हेच गणित लागू करावे की नाही यावर पंडितांत वाद आहे. पण सावधपणाचा पक्ष म्हणून तेच धरावे.

उलट बाजूस काय आहे? या जंतुदोषाने इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी, सर्व औषधोपचार होऊनही, पाचांत सुमारे एक आजही तेथेच दगावतो. हजारांत एक, तोही वीस-तीस वर्षांनी. आणि पाचांत एक, याच महिन्यात. या दोन आकड्यांकडे पाहून कोणीही म्हणेल, मग विचार कसला?

विचार येथेच आहे. कारण पाचांतील तो एक स्कॅनने वाचत नाही. स्कॅनवरून जे पुढे केले जाते त्याने वाचतो, वाचला तर. इकोने सर्व स्वच्छ दाखविले आहे, ताप चार दिवसांत उतरला आहे, नाडीचा आलेख ठीक आहे, अशा रोग्याचा स्कॅन करून हाती यावयाचे ते आधीच हाती असते. तेथे हजारांत एक हीही उधळपट्टी होय. अमेरिकेत २०२३ साली ९ कोटी ३० लाख सी. टी. स्कॅन झाले, आणि त्यांपासून पुढे सुमारे १ लाख ३ हजार कर्करोग उद्भवतील असा अंदाज २०२५ साली प्रसिद्ध झाला. एकेकट्यास नगण्य असलेला धोका राष्ट्राच्या हिशेबात असा साचतो. आपल्याकडेही १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ यंत्रांवर देखरेख करते. पण यंत्र ठीक आहे की नाही हे मंडळ पाहील, यंत्राखाली कोणास घालावे हे ते थोडेच सांगणार?

मूत्रपिंडांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची व, आमच्या मते, अधिक बोधप्रद आहे. रक्त काचेवर उठून दिसावे म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य सोडावे लागते. याचा उगम मोठा गमतीचा. १९२९ साली बर्लिन येथे स्विक नावाच्या तरुण अमेरिकन डॉक्टरने असे एक द्रव्य शोधून वापरात आणिले, ते मूत्रपिंडे दिसावीत म्हणूनच! मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात, म्हणून ती काचेवर उजळत. पुढे याच गुणाचा दोष झाला: स्कॅननंतर कित्येक रोग्यांची मूत्रपिंडे बिघडलेली आढळली, दोष द्रव्याच्या माथी बसला, आणि दोन पिढ्यांतील डॉक्टर त्याच्या धाकात वाढले. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोणीतरी साधा प्रश्न केला की, द्रव्य न देता ज्यांचा स्कॅन झाला अशा तितक्याच आजारी लोकांची मूत्रपिंडे बिघडत नाहीत काय? पाहू जाता त्यांचीही जवळजवळ तितकीच बिघडत होती. २०२० साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्या संस्थांनी एकत्र बसून हा धोका पूर्वी फुगवून सांगितला गेला असे मान्य केले. ज्यांची मूत्रपिंडे आधीच फार खालावली आहेत त्यांच्याविषयी मात्र सावधगिरी कायम आहे; आणि आपल्या या रोगात जंतूही मूत्रपिंडे पोखरतात व त्यांस मारणारी काही औषधेही. म्हणजे किरणांच्या बाबतीत हानीचे खाते उशिरा उघडले, आणि द्रव्याच्या बाबतीत त्यात दुसऱ्याचे देणेही लिहिले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे नवे नाही. पण जो बाप सही करावयास बसला आहे त्याच्यापुढील कागद कोणत्या सालच्या समजुतीवर छापला आहे, हे त्यास कोण सांगणार?

आमच्या त्या विणकर मित्रास हे कोणीच सांगितले नव्हते, आम्हीही नाही. त्यांनी ते आपले आपण काढून घेतले. त्या सायंकाळी आम्ही त्यांच्याबरोबर इस्पितळात गेलो. तेथील डॉक्टर वयाने आमच्या विद्यार्थ्यांएवढे, शांत, थकलेले. त्यांनी सांगितले की, इकोत महाधमनीच्या झडपेवर अंकुर दिसतो, औषध बरोबर जंतूंस लागू पडणारे चालू आहे, पण आठ दिवसांनंतरही ताप हटत नाही, आणि कालपासून नाडीच्या आलेखात हृदयातील विद्युत्-संदेशास उशीर होऊ लागलेला दिसतो. हा संदेश झडपेच्या बुडाशेजारूनच जातो. तेथे पू साठला असेल अशी शंका आहे. मूत्रपिंडे थोडी मंदावली आहेत, पण थोडीच.

विणकराने ऐकून घेतले व विचारले, "दिसलं तर काय करणार?"

"पुण्याला पाठवू. झडप बदलावी लागेल. तिथल्या सर्जनशी बोलणं झालंय."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर इथेच सहा आठवडे इंजेक्शनं पुरी करू. उगाच छाती उघडणार नाही."

फायदा कोठे लिहिला आहे या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच होते, आणि ते आमच्या तोंडून आले नाही याचा आम्हांस आजही संकोच वाटतो. दोन्ही उत्तरांनी पुढील वाट बदलत होती, आणि दोन्ही वाटांच्या टोकाशी काही करणारा मनुष्य उभा होता. जेथे तसा मनुष्य नाही, तेथे हेच यंत्र माहलरच्या रक्तातील सुंदर माळांइतकेच उपयोगी. आपल्याकडे अनेक जिल्ह्यांच्या गावी आज अशी यंत्रे आहेत. झडप बदलणारे हात फार थोड्या ठिकाणी आहेत. यंत्र विकत घेता येते, हात घडवावा लागतो, म्हणून यंत्रे पुढे गेली आणि हात मागे राहिले. स्कॅनच्या धोक्यांत आम्ही तरी या अंतरास किरणांच्याही आधी धरू.

स्कॅनमध्ये महाधमनीच्या मुळाशी सुपारीएवढी पोकळी निघाली. चौथ्या दिवशी पुण्यास शस्त्रक्रिया झाली. मुलगा वाचला. आता त्यास धातूची झडप आहे, रक्त पातळ राखणारी गोळी रोज आहे, दरमहा रक्त तपासावे लागते, आणि दात काढावयाचा झाला तरी आधी डॉक्टरांस विचारावे लागते. कृत्रिम झडपेवर जंतू पुन्हा बसण्याची भीती साध्या माणसाहून पुष्कळ अधिक असते. ताप आला तर पुन्हा तीच परीक्षा, पुन्हा तेच किरण. वय चोवीस.

म्हणून आम्ही डॉक्टरांस विनंती करून त्या स्कॅनच्या किरणांची मात्रा किती झाली हे विचारून घेतले. कोणी विचारल्याचे त्यांस आठवत नव्हते, पण यंत्राच्या नोंदीवरून हिशेब करून त्यांनी तो आकडा एका चिठ्ठीवर दिला: सुमारे ८ मिलिसिव्हर्ट. दिवाळीनंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो असता माग चालू होता, मुलगा आत खाटेवर वर्तमानपत्र वाचीत होता, आणि फिल्मची मोठी पिशवी खुंटीस टांगलेली होती. चिठ्ठी हरवू नये म्हणून काय केले असे आम्ही विचारले. विणकराने फळीवरून आपली मजुरीची वही काढून दाखविली. डझनांच्या हिशेबाच्या ओळींत एका ओळीवर तेलुगूत मुलाचे नाव, तारीख आणि ८ हा आकडा होता. त्याखालच्या ओळीपासून पुढील आठवड्याचे टॉवेल चालू झाले होते.